दोन देवळांमधला बाण

फान थिएन-फा हे पूर्ण नाव आमच्या ल्युखेंग गावात फक्त वीजबिलावर छापून येतं. बाकी सगळ्यांसाठी तो आफा. वय त्रेपन्न, पाय बारीक, पोट गोल, कपाळ दरवर्षी थोडं मागे सरकणारं. धंदे दोन. मासे पाळायच्या तळ्यांत पाणी घुसळणारी चाकं बंद पडली की तो ती दुरुस्त करतो, आणि माझूआईच्या, म्हणजे आमच्या समुद्रदेवीच्या, देवळाची वेबसाइट सांभाळतो. पहिल्या धंद्यावर त्याचं घर चालतं आणि दुसऱ्यावर तो स्वतः.

चियायीच्या तांत्रिक शाळेतून आफा तैपेईला गेला आणि तिथे वीस वर्षं त्याने दुकानदारांच्या वेबसाइटी बनवल्या. त्या काळात त्याला पीएचपी ही संगणकाची एकच भाषा आली. काही माणसांना एकच गाणं येतं आणि बारसं असो की मर्तिक, ती तेच म्हणतात, तसं. एके दिवशी कंपनीत सत्तावीस वर्षांचा नवा साहेब आला. "फान दादा, तुम्ही अजून पीएचपीच लिहिता?" असं त्याने अगदी अदबीने विचारलं. एखाद्या बेचाळीस वर्षांच्या माणसाला "अजून आईकडेच राहता?" असं विचारावं, तसला तो सूर होता. सहा महिन्यांनी आफा गावात परतला. सोबत भात शिजवायचं एक भांडं, संगणकाचे दोन मोठे पडदे आणि बायको पीयुन. पीयुनने देवळाच्या पायऱ्यांशी कालवांच्या धिरड्यांची गाडी लावली. आफाने देवळाची वेबसाइट लावली. गाडी पहिल्याच आठवड्यात चालायला लागली.

वेबसाइट दिसायला भडक. दोन्ही बाजूंना लाल कंदील झुलतात, माउस नेला की माझूआईच्या मुकुटाभोवती झोत फिरतो, आणि खाली आजवर किती भक्त येऊन गेले त्याचा आकडा. त्यातला निम्मा आकडा आफाचाच आहे, असं पीयुन गिऱ्हाइकांना सांगते. पण अकरा वर्षांत, वादळात गावाची वीज गेली तेव्हासुद्धा, ती वेबसाइट एकदाही बंद पडली नाही. पोटासाठी काओश्युंगला, तैपेईला, कॅनडाला गेलेली आमची माणसं अमावास्या-पौर्णिमेला तिच्यावरूनच देवीपुढे दिवा लावतात. आफाला रस्त्यात कुणी "काय म्हणते तब्येत?" असं विचारलं तर तो वेबसाइटच्या तब्येतीबद्दल सांगतो.

गेल्या वर्षी ही वेबसाइट त्याच्या हातून जायची वेळ आली.

दर बारा वर्षांनी येणारा मोठा उत्सव हिवाळ्यात होता आणि तीनशे सोळा देवळांच्या पालख्या यायच्या होत्या. आमच्याकडे देवळांची नाती माणसांच्या नात्यांहून काटेकोर असतात. एका देवळाच्या धूपपात्रातली चिमूटभर राख नेऊन दुसरं देऊळ उभं राहतं. मग पहिलं ते आई, दुसरं ती लेक. लेक दर वर्षी पालखीत बसून माहेरी जाते. एकाच आईच्या दोघी असल्या तर त्या बहिणी. शिवाय मानलेल्या बहिणी, आजोळ आणि पणजोळ. आईची पालखी आली तर गावच्या वेशीवर गुडघे टेकून सामोरं जायचं, बहीण आली तर रस्त्याच्या मध्यावर, लेक आली तर आपल्या पायरीवर उभं राहिलं तरी चालतं. यात चूक झाली तर पुढची संधी बारा वर्षांनी, आणि तोवर बोलणं बंद.

हे सगळं देवळाच्या म्हाताऱ्या कारकुनाच्या डोक्यात होतं. ते त्या वसंतात वारले. मागे तेवीस वह्या राहिल्या.

देवळाचे अध्यक्ष त्साओ हे बर्फाच्या कारखान्याचे मालक. बोलणंही त्यांच्या कारखान्यातल्या लाद्यांसारखं चौकोनी आणि थंड. त्यांनी आफाला कचेरीत बोलावून चहा ओतला.

"आफा, पालखी रस्त्यावर दिसली की मला फोनवर दिसायला पाहिजे, ही कोण, आपली कोण लागते आणि मी कुठे उभं राहायचं. येईल करता?"

"येईल की, अध्यक्ष."

"तायचुंगची एक कंपनी म्हणते, आम्ही नवीकोरी वेबसाइट करून देऊ. कंदील-बिंदील काढून."

"कंदील काढून?"

"त्यांची पोरं झकपक आहेत. तुझं ते पीएचपी म्हणे आता कुणी वापरत नाही."

"अध्यक्ष, बर्फ काय नवीन निघालाय का? तरी विकताच ना तुम्ही?"

त्साओ अध्यक्षांनी यावर चहा संपवला. "आठव्या महिन्याच्या पौर्णिमेपर्यंत दाखव. झालं तर वेबसाइट तुझी. नाहीतर परवलीचे शब्द कागदावर लिहून दे, मी तायचुंगला कळवतो."

आफाने आधी जुन्या पद्धतीने केलं, म्हणजे तक्ते मांडले. एका तक्त्यात देवळं, दुसऱ्यात कोण कुणाची लेक. आई विचारली तर उत्तर झटकन येई. पण "आईच्या आईच्या बहिणीच्या मानलेल्या बहिणीची लेक आपली कोण?" असं विचारलं की पीएचपी एक तक्ता दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जोडत बसे. तोवर पीयुनची दोन धिरडी होऊन गिऱ्हाईक तोंड पुसून निघून जाई.

मग त्याने ग्राफ डेटाबेस नावाची चीज शोधून काढली. त्यात तक्ते नसतात. ठिपके असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. देऊळ म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंतची वाट विचारली की तो रेघांवरून पळत जाऊन उत्तर आणतो. आफाला हे इतकं आवडलं, की त्याने तळ्यावरच्या माणसांनाही ते माशाच्या काट्यांनी मांडून समजावलं.

अडचण एकच. पीएचपीची आणि या ठिपकेवाल्याची ओळख नव्हती. दोघांमध्ये बोलणं करून देणारा एक दुभाष्या मिळतो, तो आफाने बसवला. घरच्या संगणकावर सगळं ठीक चाललं. वेबसाइटवर चढवलं आणि उत्तर आलं: जोडणी नाकारली.

चार दिवस तेच. पाचव्या दिवशी सकाळी आफा देवळात गेला आणि त्याने कौल लावला. आमच्याकडे कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी असतात, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर दिसली तर देवी हो म्हणाली, दोन्ही फुगीर तर नाही, दोन्ही सपाट तर देवी हसली. लोक लग्नं, घरं, शस्त्रक्रिया विचारतात. आफाने विचारलं, "आई, दुभाष्यात खोट आहे का?"

नाही.

"दार बंद आहे का?"

देवी हसली.

"परवलीचा शब्द चुकलाय का?"

देवी पुन्हा हसली. शेजारी सुनेसाठी मुलगा मागायला आलेली बाई थांबून बघायला लागली.

"मग चूक माझीच आहे का?"

हो. खात्रीसाठी त्याने आणखी दोनदा टाकलं. दोन्हीदा हो.

"एवढं विचारायला देवीला उठवायचं कशाला?" पीयुन गाडीवरून म्हणाली. "मी सांगितलं असतं."

चूक त्याचीच होती. वेबसाइट राहते तैपेईजवळच्या एका भाड्याच्या यंत्रात. ठिपकेवाला त्याने ठेवला होता देवळाच्या कचेरीत, मोठ्या ढोलामागच्या जुन्या संगणकात. आणि जोडणीच्या ओळीत पत्ता लिहिला होता: स्वतःच्याच घरात. घरी दोघं एका छपराखाली होते म्हणून चाललं. भाड्याच्या यंत्रातल्या पीएचपीने मात्र आज्ञाधारकपणे स्वतःचंच घर झाडून बघितलं आणि कळवलं, इथे कुणी नाही. आफाने देवळाचा पत्ता घातला, मधे सुरक्षित वाट उघडली. तरी नाहीच. पत्ता, नाव आणि परवलीचा शब्द त्याने एकाच ओळीत लिहिले होते, आणि शब्द कुठे संपला, पत्ता कुठे सुरू झाला हे कळायला मधे @ ही खूण असते. आफाने मोठ्या हुशारीने आपल्या परवलीच्या शब्दातच ती खूण घातली होती. त्यामुळे अर्धा परवलीचा शब्दच पत्ता समजला जात होता, आणि असल्या पत्त्यावर जगात कुणी राहत नव्हतं.

परवलीचा शब्द बदलला. मग त्याने नवी जोडणी झाली की सगळे विचारतात तो पहिला प्रश्न विचारला. त्याचा अर्थ एवढाच, की "एक" असं म्हणून दाखव. पलीकडून उत्तर आलं: एक.

आफा पायऱ्या उतरून गाडीकडे पळाला. "एक म्हणाला! पीयुन, एक म्हणाला!"

"आपली पोरगी पहिलं एक म्हणाली तेव्हा एवढा नाचला नव्हतास," पीयुन म्हणाली आणि तिने धिरडं उलटलं.

नंतरचे सहा आठवडे त्याने तेवीस वह्या वाचून ठिपके आणि रेघा भरल्या. दोनशे, अडीचशे, तीनशे. शेवटी वुशा राहिलं.

वुशा हे आमच्या शेजारचं गाव, मधे फक्त एक ओढा. जपानी अमलात एका पुरात दोन्ही गावांची देवळं वाहून गेली. पाणी ओसरल्यावर एकाने दुसऱ्याच्या वाचलेल्या धूपपात्रातली राख नेऊन पुन्हा देऊळ उभारलं. कुणी कुणाची नेली, हे दोन्ही गावांना पक्कं माहीत आहे. ल्युखेंगला माहीत आहे की वुशाने आमची नेली. वुशाला माहीत आहे की ल्युखेंगने त्यांची नेली. त्यावरून माझ्या आजोबांच्या काळात दोनदा बांबू चालले. मग कुणा शहाण्याने ठरवलं, की एकमेकींना बहिणी म्हणायचं आणि पुढे बोलायचं नाही. तेव्हापासून हे न बोलणं आम्ही जिवापाड सांभाळलंय. दोन्ही पालख्या ओढ्यावरच्या पुलाच्या बरोबर मध्यावर भेटतात आणि एकाच क्षणी वाकतात. कुणी आधी वाकू नये म्हणून दोन्हीकडचा एकेक माणूस मोठ्याने आकडे मोजतो. जेवणाची टेबलं गोल असतात, कारण गोल टेबलाला वरचं टोक नसतं. कारकुनांच्या वहीतही एवढंच होतं: ल्युखेंग, वुशा, बहिणी.

आफाने बाण न घालता तसं लिहिलं. ठिपकेवाल्याने नाकारलं. रेघ घालायची तर तिला दिशा पाहिजे, म्हणजे बाण पाहिजे, कुठून कुठे ते सांग. बाकीच्या बहिणींच्या वेळी आफाने बाण कुठेही वळवले होते, त्याने कुणाचं काही अडत नव्हतं. इथे आफाचा हात थांबला. तो उठून कौल लावायला गेला. बाण आपल्याकडून काढू? देवी हसली. त्यांच्याकडून? हसली. तिसऱ्यांदा त्याने नुसतं "मग काय करू?" असं विचारलं, त्यालाही हसली.

पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. आफाने ल्युखेंगकडून वुशाकडे बाण काढला आणि बाजूला टीप लिहिली: तात्पुरतं. जगातल्या सगळ्या संगणकवाल्यांची चूक याच शब्दापाशी होते.

दाखवायच्या दिवशी देवळाच्या अंगणात मोठा पडदा लावला होता. त्साओ अध्यक्षांनी वुशाच्या अध्यक्षांनाही मानाने बोलावलं होतं. पेंग आपेक त्यांचं नाव. दोन्ही गावं त्यांना आपेक, म्हणजे थोरले काका म्हणतात. वय ब्याऐंशी, तोंडात कायम सुपारी, नजर घारीची. आफाने कळ दाबली. पडद्यावर तीनशे सोळा ठिपके सोनेरी रेघांनी उजळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्साओ अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि बर्फवाल्याच्या चेहऱ्यावर ते फार वेळ टिकत नाही म्हणून मी नीट पाहून घेतलं.

पेंग आपेक पडद्याजवळ गेले. काठीने एका जागी टोचलं.

"हे टोक कसलं?"

"कुठलं, आपेक?"

"तुमच्याकडून आमच्याकडे येतंय ते. आईकडून लेकीकडे जातंय तसलंच टोक आहे. त्या बघ, त्या सगळ्या लेकी."

"आपेक, ते तात्पुरतं..."

"ऐंशी वर्षं तुमच्या पोटात होतं ते आज कंप्यूटरच्या तोंडून बोललात होय!"

"आपेक, बसा, चहा घ्या," त्साओ अध्यक्ष म्हणाले.

"लेकीला चहा कशाला? पायरीवर उभी करा तिला!" पेंग आपेक सुपारी थुंकून गेले. जाताना म्हणाले, "वुशाची पालखी येणार नाही."

वुशाची पालखी नाही म्हणजे वुशातून येणारा ओढ्यावरचा पूलही बंद, आणि दक्षिणेकडच्या नव्वद पालख्या त्या पुलावरूनच येतात. अंगण पाच मिनिटांत रिकामं झालं.

"सोमवारी," त्साओ अध्यक्ष आफाला म्हणाले, "परवलीचे शब्द कागदावर."

ते दोन दिवस आफा लॅपटॉपशी झटत बसला. पीयुनने त्याला साबाही माशाची पेज दिली, ती त्याने तळ्यावर चाकांशेजारी बसून खाल्ली. रविवारी सकाळी तो त्साओ अध्यक्षांच्या दारात उभा राहिला. "वुशाला येता का माझ्याबरोबर? तायचुंगच्या करारावर तुमची सही झालेली नाही ना अजून?"

"कागद खिशात आहे."

"मग खिशातच ठेवा तासभर."

अध्यक्ष, पीयुनने बांधून दिलेली धिरडी आणि मी, असे आम्ही आफाच्या मागे स्कूटरवरून वुशाच्या कचेरीत पोचलो. पेंग आपेकांनी धिरडी घेतली, आमच्याकडे पाहिलं नाही.

आफाने लॅपटॉप उघडला. "आपेक, तुमच्यासमोर ती रेघ पुसतो."

त्याने पुसली. रेघ गेली आणि वुशाचा ठिपका सुटा झाला. त्या नकाशात जो कुणालाच जोडलेला नसतो तो हळूहळू बाहेर ढकलला जातो. सगळ्यांच्या देखत वुशा तरंगत तरंगत पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन एकटं थांबलं.

पेंग आपेकांचं चावणं थांबलं. "आम्हाला कुठे नेलंस रे?"

"नातं नाही तर ठिपका तिथेच जातो, आपेक."

"अनाथासारखा? परत आण!"

"परत आणायचं तर रेघ पाहिजे. आणि हे यंत्र बाणाशिवाय रेघ घेत नाही. त्याचा स्वभावच तसा आहे."

"मग दोन बाण घाल. एक इकडून, एक तिकडून."

"तेही केलं काल. आईची आई विचारली की बिचारं गोल गोल फिरत बसतं. दुपारी सुरू केलेलं, चहाच्या वेळी मी प्लग काढला."

मग आफाने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. एक ओळ लिहिली. कळ दाबली. लॅपटॉप पुन्हा आमच्याकडे वळवला. वुशाचा ठिपका कोपऱ्यातून निघून आमच्या ठिपक्याशेजारी येऊन बसला होता. मधे साधी रेघ. टोक कुठेच नव्हतं.

"बाण घातला," आफा म्हणाला. "पण बहिणींच्या रेघेचं टोक आता काढायचंच नाही, असं मी पीएचपीला सांगितलंय. आणि वाट विचारताना बाण बघायचाच नाही, नुसती रेघ बघायची, असंही विचारता येतं. मी तसंच विचारतो. कुणालाही दिसणार नाही."

पेंग आपेकांनी रेघेवरून बोट फिरवलं. "पण आत आहे."

"आहे."

"कुणीकडून कुणीकडे?"

"ते सांगणार नाही, आपेक."

"मला एकट्याला? कानात?"

"तुम्हाला नाही, आमच्या अध्यक्षांनाही नाही."

त्साओ अध्यक्ष खाकरले. "मी विचारलं कुठे?" पण त्यांनीही मान पुढे काढली होती, ती मागे घेतली.

पेंग आपेकांनी नवी सुपारी तोंडात टाकली, चावली. त्यांची नजर आफावरून अध्यक्षांच्या खिशाकडे गेली. "ती तायचुंगची पोरं येणार होती म्हणे. त्यांच्या हातात हे सगळं जाईल?"

"सगळंच द्यावं लागतं," आफा म्हणाला. "परवलीचा शब्द मिळाला की एक ओळ लिहायची. बाण दिसतो."

"आणि ती पोरं कुणाला सांगतील?"

"मी त्यांना ओळखत नाही, आपेक."

मी त्साओ अध्यक्षांकडे बघत होतो. आपल्या बाजूने असला तर तो बाण त्यांना जगाला दाखवायला आवडला असता, हे उघड होतं. पण तो आपल्या बाजूने असेलच, याची त्यांना खात्री नव्हती. समोर पेंग आपेकही त्याच हिशोबात अडकले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ऐंशी वर्षांत दोन्ही गावांचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

त्साओ अध्यक्षांनी खिशातला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि चहाच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

"कंदील तसेच राहू देत," ते आफाला म्हणाले.

"पालखी येईल," पेंग आपेक म्हणाले. "पुलाच्या मध्यावर. आणि मोजणारा माणूस नीट आणा, मागच्या खेपेला तुमच्या माणसाने दोन आणि तीनच्या मधे वेळ लावला होता."

उत्सव झाला. पालखी दिसली की त्साओ अध्यक्षांचा फोन सांगे, आजोळ, वेशीवर जा. लेक, पायरीवर थांबा. अध्यक्ष तीन दिवस धावत होते. वुशाची पालखी आली तेव्हा फोनवर आलं: बहीण, मध्यावर. दोन्ही पालख्या मोजून वाकल्या.

आफा अजून वेबसाइट सांभाळतो. ती आता त्याच्याकडून कुणी घेणार नाही, पण त्याला वेगळाच त्रास सुरू झालाय. त्साओ अध्यक्ष दर महिन्याला त्याला स्वतःच्या गाडीतून रक्तदाब तपासायला नेतात. वुशाहून पेंग आपेकांचा माणूस जिनसेंगची मुळं घेऊन येतो आणि जाताना त्याच्या खिशातल्या सिगारेटी घेऊन जातो. परवा आफा तळ्यातल्या चाकावर चढला, तर दोन्ही गावांतून एकेक माणूस काठावर येऊन "खाली उतर" म्हणून ओरडला.

मी त्याला एकदा विचारलं, "खरं सांग, बाण कुणीकडे आहे?"

"मलाही आता नक्की आठवत नाही," तो म्हणाला. "बघायचं तर एक ओळ लिहावी लागेल." आणि पाना घेऊन चाकाची साखळी ताणायला वाकला.